ईएमसी फिल्टर की शिल्डेड केबल: ड्राइव्हच्या पॅनेलसाठी आधी काय घ्यावे?

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यासाठी व्हीएफडीचे, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचे, पॅनेल बनवून घ्यायचे ठरले, की कोटेशनमध्ये साधारणपणे दोन पर्याय समोर येतात. एकात ड्राइव्हच्या इनपुटला ईएमसी फिल्टर (विद्युत उपद्रव रोखणारा) आणि मोटरपर्यंत साधी केबल असते. दुसऱ्यात फिल्टर नसतो, मात्र मोटरची केबल शिल्डेड (तारांभोवती धातूची जाळी, म्हणजे शिल्ड असलेली) आणि माउंटिंग प्लेट रंग न दिलेली, गॅल्व्हनाइज्ड असते. ड्राइव्ह सुरू होताच तापमानाचा आकडा उड्या मारू नये आणि पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरचे) कम्युनिकेशन तुटू नये, एवढीच घेणाऱ्याची अपेक्षा असते, त्यामुळे जो स्वस्त तो घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे दोन पर्याय एकाच दुखण्यावरचे नाहीत.

ड्राइव्हमधले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला काही हजार वेळा स्विच होतात आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाच्याही अंशात चढते, म्हणून विद्युत उपद्रवाची वारंवारता मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचते. मोटरची केबल आणि अर्थ यांच्यातील कपॅसिटन्समधून निघालेला प्रवाह ड्राइव्हकडे परत येणारच; शिल्ड दोन्ही टोकांना नीट जोडलेली असेल तर तो तिच्यातून येतो, नसेल तर केबल ट्रे, शेडचे लोखंड आणि सेन्सरच्या तारा यांतून वाट काढतो. के टाइप थर्मोकपल या तापमानाच्या सेन्सरचा सिग्नल अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट असतो. त्याला हा शेजार सोसवत नाही. इनपुटचा फिल्टर सप्लायकडे जाणारा उपद्रव रोखतो, मोटरच्या केबलमधून बाहेर पडणारा नव्हे. म्हणून आकडे उडत असतील तर पैसा आधी शिल्डेड केबलवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात केबल घेतली म्हणजे काम झाले असे नाही. शिल्डची जाळी पिळून, तिच्यावर हिरवी-पिवळी स्लीव्ह चढवून ती अर्थ बसबारला लगमध्ये कसली, की पॅनेल देखणे दिसते. पण अशा १० सेंटिमीटर शेपटाचा इंडक्टन्स सुमारे ०.१ मायक्रोहेन्री असतो आणि १० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ६ ओहमच्या घरात जातो. त्याऐवजी बाहेरचे इन्सुलेशन सोलून, उघडी जाळी पूर्ण घेराने दाबणारा धातूचा क्लॅम्प थेट प्लेटवर बसवावा आणि मोटरच्या टोकाला त्याच धर्तीची ईएमसी ग्लॅण्ड (केबल आत घेताना जाळी घेराने पकडणारी धातूची जोडणी) वापरावी. दोन्ही टोके जोडण्याचा हा नियम मोटरच्या केबलसाठी आहे. थर्मोकपलसारख्या मंद सिग्नलची शिल्ड जुन्या कारखान्यांत, जिथे दोन जागांच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असतो, फक्त पॅनेलकडे जोडणे बहुधा इष्ट ठरते.

फिल्टरची बाजू दुबळी नाही. त्याच सप्लायवरची दुसरी यंत्रे बिघडत असतील, किंवा यंत्र युरोपला जाणार असून ड्राइव्हच्या ईएमसीचे मानक असलेल्या आयईसी ६१८००-३ मधल्या सी२ अथवा सी३ या उपद्रव-मर्यादेच्या वर्गाची पूर्तता दाखवायची असेल, तर तो लागतोच. मात्र उत्पादक ही पूर्तता बहुधा शिल्डेड केबल आणि तिची ठरावीक लांबी गृहीत धरून सांगतात, हे कोटेशनमध्ये क्वचितच लिहिलेले असते. रंगामुळे धातूला धातू टेकत नाही, म्हणून रंगवलेल्या प्लेटवर चार स्क्रूंनी बसवलेला फिल्टर जवळजवळ वाया जातो. त्याच्या तळाखालचा रंग खरवडायलाच हवा, आणि त्याच्या आतल्या व बाहेरच्या तारा एकाच ट्रंकिंगमध्ये घालू नयेत. शिवाय फिल्टर अर्थकडे कायम थोडा प्रवाह सोडतो. त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच सप्लाय तोडणारा ब्रेकर) विनाकारण ट्रिप होऊ शकतो, आणि ड्राइव्हचा हा प्रवाह ३.५ मिलिअँपिअरहून अधिक असेल तर किमान १० चौरस मिलिमीटरची तांब्याची अर्थ तार किंवा दुसरी समांतर तार द्यावी लागते.

खर्चाच्या दृष्टीने फिल्टरची किंमत ड्राइव्हच्या अँपिअरवर ठरते, तर केबलची मीटरगणिक वाढते. मोटर शेडच्या दुसऱ्या टोकाला असेल तर हा फरक जाणवतो. जुनी साधी केबल बदलणे शक्य नसेल, तर निदान सिग्नलच्या तारा तिच्यापासून २० सेंटिमीटर दूर न्याव्यात आणि ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. या कामाला मजुरीपलीकडे फारसे काही लागत नाही.