ट्रकचालकाच्या अपघातानंतर दावा कुठे करावा: मोटार अपघात न्यायाधिकरण की कर्मचारी नुकसानभरपाई?

नागपूरजवळच्या वाडी किंवा बुटीबोरीहून निघालेल्या मालट्रकवरचा चालक रस्त्यावर दगावला की त्याच्या घरच्यांना तेरवी उरकण्याआधीच दोन वेगवेगळे सल्ले मिळू लागतात. कोणी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्यास सांगतो, तर कोणी कर्मचारी नुकसानभरपाई आयुक्तांकडे. सल्ला दोन्हीकडून प्रामाणिक असू शकतो. मात्र मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 167 प्रमाणे या दोन मार्गांपैकी एकच निवडता येतो, आणि एका कायद्याची निवड केल्यावर दुसऱ्या कायद्याचा आधार घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून निवड अर्ज लिहिण्यापूर्वीच, कागदपत्रे समोर ठेवून करावी लागते.

मृत चालक ‘कामगार राज्य विमा योजने’त (ईएसआय) होता का, हे आधी पाहावे. तो विमाधारक असेल तर त्या योजनेच्या कायद्यामुळे मालकाविरुद्ध वेगळी भरपाई मागता येत नाही आणि वारसांना योजनेतील आश्रित लाभ मिळतो. एकदोन गाड्या चालवणाऱ्या लहान मालकाकडचा चालक बहुधा या योजनेबाहेर असतो. पुढील तुलना अशाच कुटुंबासाठी आणि 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या अपघातासाठी आहे.

आकड्यांचा फरक मोठा आहे. समजा, चालकाचे वय 30 होते, पगार महिना 18,000 रुपये होता आणि त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई असे चार आश्रित आहेत. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 खाली 3 जानेवारी 2020 पासून पगार जास्तीत जास्त 15,000 रुपयेच धरला जातो. त्याच्या निम्म्याला 30 वर्षांच्या वयासाठीच्या 207.98 या घटकाने गुणले की 15,59,850 रुपये होतात. न्यायाधिकरणापुढे मात्र 18,000 चा पूर्ण पगार सिद्ध करता येतो. वर्षाच्या 2,16,000 रुपयांवर, घटनापीठाच्या 31 ऑक्टोबर 2017 च्या निकालाप्रमाणे, चाळिशीच्या आतील ठरावीक पगारदाराला भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के मिळतात. चार आश्रितांमुळे एक चतुर्थांश रक्कम मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी वजा होते आणि उरलेल्या 2,26,800 रुपयांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये ठरवून दिलेल्या 17 या गुणकाने गुणल्यावर 38,55,600 रुपये येतात. सहवास गमावल्याची आणि अंत्यसंस्काराची भरपाई त्याशिवाय असते.

एवढे पाहून कोणीही न्यायाधिकरणाचीच वाट धरेल. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालच्या दाव्यात दुसऱ्या कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. चालकाने स्वतःच झोपेच्या भरात गाडी दुभाजकावर घातली असेल, तर हा दावा उभाच राहत नाही. 1923 च्या कायद्यात मात्र चूक कोणाची हे विचारलेच जात नाही, आणि मृत्यूच्या प्रकरणात चालकाची स्वतःची बेफिकिरी मालकाला बचाव म्हणून वापरता येत नाही. दोन वाहनांची समोरासमोर धडक झाली असेल, तर न्यायाधिकरणात मृताच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कापली जाते. वरच्या उदाहरणात ती चूक निम्मी ठरली तर मूळ रक्कम 19,27,800 वर येते, आणि साठ टक्क्यांच्या पुढे गेली की आयुक्तांकडची रक्कमच जास्त भरते. माझ्या मते म्हणूनच एफआयआर, स्थळ पंचनामा आणि घटनास्थळाचा नकाशा हाती येईपर्यंत कोणत्याही अर्जावर सही करू नये. क्लीनरची गोष्ट वेगळी आहे: गाडी त्याच्या हातात नसते, त्यामुळे त्याच्या वारसांना सहसा न्यायाधिकरणच हितावह असते. एक अडचण मात्र राहते. चूक आपल्याच गाडीची असेल आणि मालकाने जादा हप्ता भरलेला नसेल, तर विमा कंपनीची जबाबदारी 1923 च्या कायद्याच्या रकमेपुरतीच असते व बाकीची मालकाकडून वसूल करावी लागते.

व्याजाचे पारडे आयुक्तांकडे झुकते. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये एका सुताराच्या प्रकरणात ठरवले आणि 2012 मध्ये तेच पुन्हा सांगितले. महिनाभरात रक्कम न भरल्यास 12 टक्के व्याज लागते, शिवाय निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड मात्र विमा कंपनीवर नव्हे, मालकावर पडतो. न्यायाधिकरणात व्याजाचा दर विवेकाधीन असतो आणि ते दाव्याच्या तारखेपासून धरले जाते.

तो सुताराचा निकाल जखमी कामगारांसाठी आजही मोलाचा आहे. डावा हात कोपराच्या वरून गेल्यावर सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण मानले गेले. न्यायाधिकरणापुढेही 2010 च्या निकालापासून डॉक्टरांच्या टक्केवारीपेक्षा कमाईची क्षमता किती गेली याला महत्त्व आहे. मात्र वेदना, मदतनीस आणि पुढील उपचार यांची स्वतंत्र भरपाई तेथेच मिळते.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने त्यानंतरच्या अपघाताचा कर्मचारी भरपाईचा दावा तिच्या सातव्या प्रकरणाखाली येतो. पगाराच्या निम्म्याचे सूत्र तेथेही आहे.

मालकाने घरी येऊन लाख-दोन लाख रुपये देऊन कोऱ्या कागदावर सही मागितली, तर ती देऊ नये. 1923 च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते; परस्पर दिलेल्या रकमेपैकी फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वजा होऊ शकते, आणि हक्क सोडल्याचा करार रद्दबातल असतो. या कायद्याखाली दाव्याला दोन वर्षे मिळतात, तर न्यायाधिकरणासाठी 1 एप्रिल 2022 पासून सहाच महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला असला तरी त्या भरवशावर न राहता पोलीस ठाण्यातून कागदांच्या प्रती पहिल्या महिन्यातच मागवाव्यात.