क्रोमबुकवरच्या फाइल्स कुठे ठेवायच्या: डाउनलोड्स, ड्राइव्ह की बाहेरची डिस्क?

नागपूरच्या बर्डीतल्या दुकानात क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) हातात घेतलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "६४ जीबीच? मोबाइलमध्ये १२८ आहे माझ्या." दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं, "भाऊ, याच्यात सगळं क्लाउडवर असते. जागा लागतच नाही." हे उत्तर अर्धंच खरं आहे. क्रोमबुकवर उतरवलेली फाइल आपसूक क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, जात नाही. तुम्ही ठेवाल तिथेच ती पडून राहते. ठेवायच्या जागा तीन: मशीनच्या पोटातलं डाउनलोड्स, गूगल ड्राइव्ह आणि बाहेरून लावायचा पेन ड्राइव्ह, एसडी कार्ड किंवा डिस्क. तिन्ही जागा एकाच फाइल्स ॲपमध्ये शेजारी शेजारी दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. दिसायला सारख्या असल्या तरी मशीन बिघडल्यावर तिघींची वागणूक वेगवेगळी असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिन्हीपैकी कशावर किती भार टाकायचा, हे मशीनच्या जीबीपेक्षा तुमच्या घरी इंटरनेटची लाइन आहे की मोबाइलचा हॉटस्पॉट, यावर ठरवा.

डाउनलोड्स: सोयीची, पण भरवशाची नाही

ब्राउझरमधून उतरवलेलं सगळं इथे येतं. स्क्रीनशॉटही इथेच साठतात. उघडायला इंटरनेट लागत नाही, वेगही चांगला. रोजच्या वापरात तक्रारीला जागा नाही, म्हणूनच लोक लग्नाच्या पत्रिकेपासून जातीच्या दाखल्यापर्यंत सगळं इथेच साठवत जातात.

अडचण येते ती मशीन बंद पडल्यावर. विंडोजचा लॅपटॉप बिघडला की ओळखीचा दुरुस्तीवाला हार्ड डिस्क काढतो, केसिंगमध्ये घालतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडतो आणि "घ्या, डेटा वाचला" म्हणून पाचशे-हजार घेतो. क्रोमबुकच्या बाबतीत हा मार्ग जवळपास बंद आहे. स्वस्त मॉडेल्समध्ये स्टोरेजची चिप मदरबोर्डवरच डाकलेली असते. शिवाय प्रत्येक खात्याचा डेटा स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूपबंद, असतो आणि त्याची किल्ली त्याच मशीनमधल्या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड गेला की डेटा गेला. चोराच्या हाती लागलं तर हीच गोष्ट तुमच्या फायद्याची आहे, यात वाद नाही. पण कप सांडून चहा आत गेला, तर तीच तुमच्या मुळावर येते.

डाउनलोड्स रिकामं होण्याचे आणखी काही साधे रस्ते आहेत. मशीन अडकायला लागलं की कोणीतरी "पॉवरवॉश मार" असा सल्ला देतं. पॉवरवॉश म्हणजे मशीन कोरं करणं. त्यात डाउनलोड्समधलं सगळं जातं. लॉगिनच्या पडद्यावरून खातं काढून टाकलं, तरी त्या खात्याचं डाउनलोड्स जातं. गेस्ट म्हणून बसून काम केलं, तर बाहेर पडताक्षणी साफ. मोबाइलवरून गूगलचा पासवर्ड बदलला, की क्रोमबुक एकदा जुना पासवर्ड मागतं. तो आठवत नसेल आणि रिकव्हरीची सोय चालू केलेली नसेल, तर आतला डेटा सोडून द्यावा लागतो.

जागेचं म्हणाल तर ३२ जीबीच्या मशीनमध्ये सिस्टीम आणि थोडी अँड्रॉइड ॲप्स बसली की हातात निम्मी जागा उरली असं धरून चाला. लिनक्स (प्रोग्रामिंगसारख्या कामांसाठीची वेगळी सोय) चालू केलं, तर तेही आपला वाटा वेगळा काढून घेतं. कोणी किती जागा खाल्ली ते सेटिंग्जमधल्या स्टोरेज मॅनेजमेंटमध्ये दिसतं. फाइल पुसल्यावरही ती ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, त्यामुळे जागा लगेच मोकळी झाली नाही तर आधी ट्रॅश पाहा. ३२ जीबीचं नवं मशीन आज कोणी स्वस्तात देत असेल, तरी घेऊ नका.

ड्राइव्ह: १५ जीबी कोणाचे?

प्रत्येक गूगल खात्याला १५ जीबी फुकट मिळतात, पण ते एकट्या ड्राइव्हचे नाहीत. जीमेल, गूगल फोटोज आणि ड्राइव्ह यांचं ते एकत्र खातं आहे. १ जून २०२१ पासून फोटोही त्यात मोजले जातात, आणि त्यानंतर बनवलेली डॉक्स-शीट्सही. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. म्हणजे तुमच्या प्रबंधाला जागा उरत नाही ती बहुधा 'शुभ सकाळ'च्या व्हिडिओंमुळे. जागा पूर्ण भरली की ड्राइव्हवर नवी फाइल चढत नाहीच, जीमेलवर येणारी मेलही थांबते. नोकरीचा कॉल लेटर यायचा असेल, तर हा धोका फाइल हरवण्यापेक्षा मोठा. पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळून पाहा. अनेकांचं तेवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर गूगल वन या विकतच्या जागेच्या सेवेचा १०० जीबीचा प्लॅन महिन्याला १३० किंवा वर्षाला १,३०० रुपयांना मिळत आला आहे. ही जागा घरातल्या आणखी पाच जणांत वाटून घेता येते आणि एकमेकांच्या फाइल्स कोणाला दिसत नाहीत. चौघांच्या कुटुंबाला हा सौदा परवडतो. एकट्या माणसाने हिशेब करून बघावा: पाच वर्षांचे ६,५०० रुपये होतात, आणि तेवढ्यात १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क साधारण येऊन जाते.

आता ड्राइव्हचा खरा गुण-दोष. फाइल्स ॲपमध्ये ड्राइव्हच्या फाइल्सची नावं दिसतात, पण फाइल मशीनमध्ये असतेच असं नाही. उघडल्यावर ती इंटरनेटवरून येते. म्हणूनच ६४ जीबीच्या मशीनवर १०० जीबीचा पसारा बिनबोभाट चालतो, आणि म्हणूनच मे महिन्यात भरदुपारी लाइट गेल्यावर, राउटर बंद पडल्यावर, समोर दिसणारी पीडीएफ उघडत नाही. उपाय सोपा आहे. फाइलवर किंवा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑफलाइन उपलब्ध' चालू करायचं. मग तिची एक प्रत मशीनमध्ये राहते आणि इंटरनेट आल्यावर बदल वर जातात. परीक्षेच्या काळात चालू सत्राचं फोल्डर तरी असं करून ठेवावं. गूगल डॉक्सला ऑफलाइनची सोय त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे, तीही एकदा तपासून घ्या. क्रोमबुक प्लस नावाने येणाऱ्या मशीन्सना किमान ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेज असतं, आणि त्यात तुमचं सगळं ड्राइव्ह आपोआप ऑफलाइन ठेवण्याची सोय मिळते. बजेट पोहोचत असेल तर या एका सोयीसाठी प्लस घ्यायला हरकत नाही.

आता हॉटस्पॉटवाल्यांचा हिशेब, कारण हिंगणा रोडच्या हॉस्टेलांत आणि मानेवाड्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांचं इंटरनेट मोबाइलमधूनच येतं. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस धरला तर १० जीबी वर चढवायला साडेचार तास लागतात. दिवसाला २ जीबीच्या पॅकमध्ये तेच १० जीबी म्हणजे पाच दिवसांचा सगळा डेटा, क्रिकेटचा एक बॉलही न पाहता. घरी फायबर असेल आणि अपलोड ४० एमबीपीएस मिळत असेल, तर हेच काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे.

काही जण हुशारीने ब्राउझरची डाउनलोडची जागाच बदलून ड्राइव्ह करून टाकतात. फायबरवर ही उत्तम युक्ती आहे. हॉटस्पॉटवर मात्र प्रत्येक फाइलचा डेटा दोनदा जातो, एकदा खाली येताना आणि एकदा वर चढताना. वाय-फायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटला 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं नेटवर्क, ठरवता येतं आणि फाइल्स ॲपला अशा नेटवर्कवर ड्राइव्हशी फाइल्सची देवाणघेवाण (सिंक) करू नको असंही सांगता येतं. हॉस्टेलवाल्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं.

बाहेरची डिस्क: एकदाच पैसे, पण जपायची जबाबदारी तुमची

क्रोमबुकवर पेन ड्राइव्ह किंवा डिस्क लावायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. एफएटी३२, एक्सएफएटी आणि एनटीएफएस (डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट) तिन्ही प्रकारच्या डिस्क वाचता-लिहिता येतात. मॅकवर फॉरमॅट केलेली जुनी डिस्क असेल, तर तिच्यातलं वाचता येईल, लिहिता येणार नाही. नवी डिस्क फॉरमॅट करताना एक्सएफएटी निवडा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, आणि लग्नाचा एक व्हिडिओ तेवढा सहज असतो. फक्त झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा पेन ड्राइव्ह एफएटी३२ असू द्या. तिथलं जुनं मशीनही तो वाचतं.

झेरॉक्सच्या दुकानाचा विषय निघालाच आहे, तर विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावं. प्रोजेक्टची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह दिला आणि परत आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले, हा अनुभव नागपुरात कोणाला नाही? तो विंडोजचा व्हायरस असतो. मूळ फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे बनावट शॉर्टकट समोर ठेवतो. क्रोमबुकवर तो चालूच शकत नाही. उलट विंडोजने 'लपवलेले' फोल्डर इथे सरळ दिसतात. खरं फोल्डर आणि बनावट शॉर्टकट शेजारी शेजारी असतात. खरं उचलून घ्यायचं आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायचा. अर्थात प्रिंटसाठी पीडीएफ मेल केली किंवा ड्राइव्हची लिंक पाठवली, तर ही झंझटच नाही.

मायक्रो एसडी कार्ड अनेक क्रोमबुकांच्या खाचेत पूर्ण आत बसतं, विसरलं तरी चालतं. पण ते मंद असतं आणि इजेक्ट न करता ओढलं तर बिघडतं. गाणी, जुनी पाठ्यपुस्तकं, सिनेमे इतपतच त्यावर ठेवा. मोठ्या साठ्यासाठी एसएसडी, म्हणजे आत फिरता भाग नसलेली डिस्क. फिरती हार्ड डिस्क स्वस्त पडते, पण पडली की संपली. आणि आपल्या गावचं ऊन लक्षात ठेवा. ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीच्या डॅशबोर्डवर डिस्क ठेवून बर्डीत खरेदीला जाऊ नये.

'घरात कपाटात आहे' हा भरवसाही थोडा तपासून घ्यावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या तळमजल्यांवर पाणी शिरलं. लोक झोपेत होते. अशा वेळी लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलाच्या एकाच खणात असतील, तर दोन्ही बरोबरच भिजतात. डिस्क वापरणाऱ्याने महत्त्वाची कागदपत्रं, म्हणजे गुणपत्रिका, दाखले, घराची खरेदीखतं, तरी ड्राइव्हवर चढवावीत. ती सगळी मिळून १ जीबीचीही होत नाहीत.

पण ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप झाला, असंही धरू नका. तिथली फाइल एका ठिकाणी पुसली की सगळीकडून जाते, आणि ३० दिवसांनी ट्रॅशमधूनही. भावंडांत एकच खातं वापरत असाल, तर हे व्हायला वेळ लागत नाही.

कोणी काय घ्यावं

हॉटस्पॉटवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने १५ जीबी फुकटात भागवावं, चालू अभ्यास ऑफलाइन ठेवावा आणि बाकी लेक्चरच्या व्हिडिओंसाठी एक एसएसडी घ्यावी. महिन्याचे १३० रुपये देऊन घेतलेली जागा तो भरूच शकणार नाही. घरी फायबर असलेल्या शिक्षकाने किंवा छोट्या दुकानदाराने नेमकं उलट करावं: १०० जीबी घ्यावेत, डिस्कच्या भानगडीत पडू नये.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने फाइल्ससाठी क्रोमबुक घेऊच नये. एका समारंभाचे शे-दीडशे जीबी होतात, ते ना पोटात मावतात ना वेळेत वर चढतात. त्याला विंडोज किंवा मॅकच बरा. वकिलांचे कारकून आणि टायपिंगवाले यांनीही थोडं थांबावं. कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली जुनी वर्ड फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण ते फॉन्ट तिथे टाकता येत नाहीत. त्या फाइल्स विंडोजवरच युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) करून घ्याव्यात किंवा पीडीएफ काढून ठेवाव्यात, मग हलवाव्यात. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल, तर त्यातलं १ टीबीचं वनड्राइव्ह क्रोमबुकच्या फाइल्स ॲपला जोडता येतं. मग गूगलला वेगळे पैसे देऊ नका.

कॉलेजने दिलेल्या खात्यावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी. ती जागा कॉलेजची असते, पदवीनंतर खातं कधी बंद करायचं हे कॉलेज ठरवतं. शेवटच्या सत्राचा निकाल लागायच्या आत गूगल टेकआउटने (खात्यातला डेटा एकत्र उतरवून देणारी गूगलची सोय) सगळं उतरवून घ्या, आणि ते डाउनलोड्समध्ये न ठेवता थेट डिस्कवर किंवा स्वतःच्या खात्यात टाका.