जावेचा व्हिडिओ की सरकारी पान?

परभणीच्या आमच्या आत्याला शुगर आहे. तिच्या मोबाइलवर धाकट्या जावेनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला एक व्हिडिओ होता आणि मी पाठवलेलं आरोग्य खात्याचं एक पान.

व्हिडिओतला माणूस विचारतो, "माय, रोज गोळ्या कशाला खायलीस?" बोली आपली, मागं ज्वारीचं रान, पाठवणारी घरातली. विश्वास तिथंच बसला. गोळ्यांऐवजी कारल्याचा रस प्या, हे नंतर आलं. व्हिडिओवर दोन बाण होते, म्हणजे तो पाच किंवा जास्त वेळा पुढं पाठवला गेलेला. जावेलाही तो कुणाचा ते माहीत नव्हतं. आत्यानं आठवडाभर गोळ्या सोडल्या आणि उपाशीपोटी शुगर २८० निघाली.

पानावर खात्याचं नाव होतं, तारीख होती. पण 'रक्तशर्करा' असला जड शब्द वाचूनच तिनं मोबाइल खाली ठेवला.

माझं मत पानाच्या बाजूनं आहे, आणि कारण ठोस आहे. व्हिडिओत बोट टोचून एका सकाळचा आकडा दाखवतात. पानावर एचबीए१सी समजावलंय, साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी. रस खरंच लागू पडला की नाही, हे एका सकाळच्या आकड्यावरून कळत नाही.

तरी पानाचा दोष मोठा आहे. तेच मी आत्याला आपल्या बोलीत वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "असं सांगितलं असतं तर मी कशाला गोळ्या सोडल्या असत्या?"