एकच सायन्स कोर्स, दोन मुलं आणि माझे ३८,४०० रुपये

लांबलचक आहे, पण ज्यांची मुलं होमस्कूलिंग करतात आणि घरात दोन वेगवेगळ्या वयाची आहेत त्यांनी वाचाच.

आम्ही नाशिकला असतो. तेव्हा मोठा १२ चा आणि धाकटी ८ ची, शाळा सोडून दीड वर्ष झालेलं. भाषा, गणित कसंबसं जमत होतं पण सायन्सला माझी जाम ओढाताण व्हायची, म्हणजे मोठ्याला आम्ल-आम्लारी घेऊन बसलं की धाकटी टेबलाखाली लोळणार आणि तिला पानं गोळा करायला नेलं की हा म्हणणार हे बाळांचं आहे मी येत नाही. त्यात मी कॉमर्सवाली, नवरा शिफ्टमध्ये. जून २०२४ मध्ये मोबाईलवर जाहिरात दिसली की सगळ्या भावंडांना एकच कोर्स, विषय एक पण लेव्हल वयाप्रमाणे, आई फक्त अर्धा तास. मला तर कोणीतरी माझ्या स्वयंपाकघरात डोकावून ती जाहिरात लिहिलीय असंच वाटलं.

डेमो शनिवारी संध्याकाळी. एक हसतमुख ताई व्हिडिओवर आल्या आणि त्यांनी पाण्याचा धडा घेतला. धाकटीला काय तरंगतं काय बुडतं, मोठ्याला त्याच टबावर घनता. पोरं चाळीस मिनिटं हलली नाहीत. खरं सांगते, तो धडा चांगलाच होता, आणि तिथेच मी अडकले, कारण नंतर कळलं की असा दोन लेव्हलचा तयार केलेला धडा अख्ख्या कोर्समध्ये तो एकच होता.

डेमो संपायच्या आत काउन्सेलरचा फोन. मॅम, फॅमिली प्लॅनवर आज रात्री बारापर्यंतच ऑफर, दोन वर्षं, दोन मुलं, ३८,४००, नो कॉस्ट ईएमआय महिना ३२००. मी म्हटलं नवऱ्याला विचारून उद्या सांगते, तर म्हणे मॅम मुलांच्या शिक्षणाचा निर्णय आईच घेते ना. (यावर खरं तर फोन ठेवायला हवा होता.) वर अजून एक, कोर्सला ओपन बोर्डाची मान्यता आहे. तेव्हा मी नुसती मान डोलावली. एनआयओएसच्या (हेच ते राष्ट्रीय ओपन बोर्ड) दहावीला मुलाचा अर्ज आपण थेट करतो, वय १४ पूर्ण लागतं आणि अभ्यासाची पुस्तकं त्यांची स्वतःचीच असतात, मधे कुठल्या खाजगी कोर्सची गरजच नसते, हे मी नंतर शोधलं. दोन मिनिटांचं काम होतं.

मग आधार नंबर, ओटीपी, परत ओटीपी, एक सेल्फी. मला वाटलं ईएमआय म्हणजे दर महिन्याला कोर्सवाल्यांना पैसे जाणार आणि नाही आवडलं तर बंद करू. प्रत्यक्षात ते एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. कोर्सवाल्यांना त्यांचे सगळे पैसे लगेच मिळाले आणि मी बारा महिने तिसऱ्याच कंपनीची देणेकरी झाले. कर्जाची माहिती देणारं पत्रक ईमेलवर आलेलं, रात्री अकरा वाजता, कोण वाचतंय. त्यात कूलिंग-ऑफची मुदतही लिहिलेली होती, म्हणजे तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि जेवढे दिवस झाले तेवढं व्याज भरून कर्जातून बाहेर पडता येतं. मी ते पत्रक उघडलं चार महिन्यांनी.

रिफंडची मुदत सात दिवस, पण ती मोजायची लॉगिन मिळाल्यापासून. किट आलं अकराव्या दिवशी. आता कळतंय की हा योगायोग नव्हता.

किटमध्ये दोन चुंबकं, लिटमसची एक पुडी, तीन टेस्ट ट्यूब (एक फुटलेली), नऊ व्होल्टची बॅटरी, दोन एलईडी. सगळं मिळून एक किट, दोन मुलांना. म्हणजे प्रयोग कमी आणि भांडणं जास्त. वर्कशीटवर लिहिलेलं की एलईडी सरळ बॅटरीला जोडा. मोठ्याने जोडला, क्षणभर भक्कन पेटला आणि मेला. दुसराही तसाच. लाल एलईडीला साधारण दोनच व्होल्ट लागतात, नऊची बॅटरी जोडायची तर मधे विजेचा प्रवाह आवरणारा ३३० ओहमसारखा रेझिस्टर लावावा लागतो, तो किटमध्येच नव्हता. हे वर्कशीट लिहिणाऱ्याने तो प्रयोग एकदाही करून पाहिला नसणार, नाहीतर त्याचाही एलईडी गेला असता.

मराठीचं तर विचारूच नका. पानावर होतं 'बल्बला दोन पेशी जोडा'. मोठा विचारतो, आई बल्बला पेशी असतात? इंग्रजीतल्या सेलचं मशीनने सरळ भाषांतर केलेलं, विद्युत घटाचा पत्ताच नाही. आम्ही खूप हसलो, मग मला रडू आलं.

लाइव्ह क्लास म्हणजे रेकॉर्डिंग निघाले. आणि लेव्हल? धाकटीच्या फाइलमध्ये मोठ्याचाच धडा, फक्त अक्षर मोठं आणि कोपऱ्यात एक ससा. हे मी दोन्ही फाइलींची प्रिंट काढून शेजारी ठेवली तेव्हा दिसलं. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या लोगोची पट्टी होती, एका पानावर ती जरा वर सरकलेली आणि खाली बारीक अक्षरात 'रिप्रिंट २०२४-२५'. ही ओळ एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शालेय पुस्तकांच्या, पीडीएफवर असते. मोठ्याने सातवीचं पुस्तक फुकट डाउनलोड करून ताडून पाहिलं, आम्ल-आम्लारीच्या धड्यातली हळदीच्या कागदाची आणि जास्वंदीची कृती ओळीमागून ओळ तीच. सरकारी साइटवर फुकट असलेल्या पुस्तकाचे मी ३८,४०० मोजले होते.

कोर्सवाल्यांना ईमेल केला तर उत्तर, 'कंटेंट ऍक्सेस झाला आहे'. मी चिडून हप्ता थांबवणार होते पण बँकेतल्या एका मैत्रिणीने अडवलं, सिबिल खराब होईल आणि वसुलीचे फोन तुलाच येतील. मग तिने सांगितलं तसं फायनान्स कंपनीला लेखी तक्रार केली, तीस दिवसांत धड उत्तर आलं नाही म्हणून आरबीआयच्या तक्रार पोर्टलवर, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही. १९१५ नंतर मात्र कोर्सवाले एकदम गोड बोलायला लागले, १४,००० परत देतो म्हणे, पण 'पूर्ण समाधान झाले' असं लिहून द्या. दिलं नाही. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज भरतेय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. स्क्रीनशॉट, ती सरकलेली पट्टी, किट पोचल्याची पावती, सगळं जपून ठेवलंय. फोनवरची आश्वासनं मात्र हवेत गेली, एकही लेखी नाही. तुम्ही निदान व्हॉट्सऍपवर मागून घ्या.

सध्या आमचं चाललंय ते असं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, धाकटीला तिसरीचं परिसर अभ्यास, मोठ्याला सातवीचं सामान्य विज्ञान. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची प्राथमिकची पुस्तकं आहेत, अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी आहेत. आठवड्याला एकच विषय घेते आणि प्रयोगही एकच. परवा संत्रं पाण्यात टाकलं, तरंगलं, सोललं तर बुडालं. धाकटीने चित्र काढलं, सालीत हवा असते हे तिनेच शोधलं. मोठ्याने किचनच्या काट्यावर वजन केलं, वर आलेलं पाणी मोजलं आणि सोललेल्या संत्र्याची घनता काढली. मग संत्रं खाण्यावरून भांडले. अर्धा तास नाही, दीड तास गेला, माझी ओढाताण आहे तशीच आहे.

मागच्या आठवड्यात नवीन नंबरवरून फोन. कंपनीचं नाव वेगळं, पण 'मॅम, तुमची धाकटी आता नऊची झाली ना?' माझ्या मुलीचं वय हिला कोणी सांगितलं? मी म्हटलं, पाणी सोडून दुसरा कुठलाही एक धडा, चौथीचा आणि आठवीचा, दोन्ही आत्ता पाठवा, बघते. विचारून सांगते म्हणाली. अजून विचारतेच आहे.