घरचे सावरडो गार्लिक रोल: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी एका काचेच्या बरणीत ५० ग्रॅम चक्कीवरची कणीक आणि तितकेच पाणी कालवून ठेवले. आज जुलै संपत आला आहे आणि त्याच बरणीतल्या स्टार्टरवर, म्हणजे आंबवलेल्या पीठ-पाण्यावर, आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी बारा गार्लिक रोल भाजले जातात. प्रवासाचे आणि आजारपणाचे आठवडे वगळले तरी तीसपेक्षा जास्त खेपा झाल्या. आम्ही नाशिकला राहतो. साधा ओटीजी, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, एक परात आणि सरळ भिंतीचा एक पारदर्शक डबा एवढ्याच साधनांवर हे सारे चालले आहे. ज्यांच्या मनात हा खटाटोप करावा की नाही असा विचार घोळत असेल, त्यांना या नऊ महिन्यांतले जमलेले आणि फसलेले सारे उपयोगी पडावे म्हणून हे लिहिते आहे.

सावरडोमध्ये बाजारातले यीस्ट घालायचे नसते. धान्याच्या पिठातच असलेले यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू रोज ताजे पीठ-पाणी देऊन पोसायचे आणि त्यांच्याकडूनच कणीक फुगवून घ्यायची, एवढेच त्याचे तत्त्व आहे. विरजणाशी याचे नाते जवळचे आहे, पण विरजण शेजारून वाटीभर आणले की काम भागते, तर स्टार्टर शून्यापासून करायचा असेल तर धीर धरावा लागतो. माझे मिश्रण दुसऱ्याच दिवशी बरणीच्या तोंडापर्यंत उसळून आले आणि चौथ्या दिवशी पूर्ण गप्प झाले. तो गप्पपणा पाहून बरेच जण बरणी रिकामी करतात, आणि मीही तिथवर आले होते. सुरुवातीची उसळी यीस्टमुळे नसते, ती भलत्याच जिवाणूंची असते. आम्लता वाढली की ते मागे पडतात आणि मगच खरे यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात. नवव्या दिवसापासून माझा स्टार्टर पीठ दिल्यावर सहा तासांत दुप्पट होऊ लागला आणि वासही कुजकट न राहता पिकलेल्या फळासारखा झाला. नाशिकमध्ये राहत असल्यामुळे बरणीत चार द्राक्षे टाकण्याचा सल्ला मला कितीतरी जणांनी दिला, पण त्याची काही गरज पडत नाही, कारण पिठात टिकाव धरणारे सूक्ष्मजीव पिठातूनच येतात.

आता ठरून गेलेले प्रमाण असे आहे: ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम चक्कीवरची कणीक, ३१० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम फुललेला स्टार्टर, १० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम लोणी. स्टार्टरमधले पीठ-पाणी धरले तर पिठाच्या वजनाच्या सुमारे ६५ टक्के पाणी होते. आपल्या मैद्याला हे मानवते. परदेशी कृतींमध्ये असते तितके ७५ ते ८० टक्के पाणी मी पहिल्या दोन खेपांत घातले होते आणि दोन्ही वेळा परातीत न आवरणारा चिकट लगदा हाती आला. सगळी कणीकच वापरण्याचाही प्रयत्न केला. जात्याच्या दगडाखाली पिठातला स्टार्च दुखावला जातो, त्यामुळे चक्कीची कणीक पाणी भरपूर पिते, पण तिच्यातला कोंडा ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाचे, धागे तोडत राहतो, म्हणून रोल चविष्ट झाले तरी ठेंगणे आणि घट्ट राहिले. खपलीच्या पिठाचे तर विचारूच नये. पुरणपोळीला आणि खिरीला तो गहू कितीही उत्तम असला तरी त्याचे ग्लुटेन दुबळे असते आणि निम्मे पीठ खपलीचे घेतल्यावर रोल उभेच राहिले नाहीत. एक भाग कणीक आणि चार भाग मैदा या प्रमाणावर मी स्थिरावले आहे.

या सगळ्यात सर्वांत जास्त शिकवले ते नाशिकच्या हवामानाने. इथली थंडी काय असते हे निफाडचा पारा दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जानेवारीत रात्री स्वयंपाकघर १७-१८ अंशांवर येई, तेव्हा रात्री नऊला भिजवलेले पीठ सकाळी आठपर्यंत निवांत आंबत असे आणि मला एकदाही घाई करावी लागली नाही. तेच वेळापत्रक एप्रिलमध्ये ठेवले आणि पूर्ण खेप हातची गेली. सकाळी झाकण काढले तेव्हा डब्याच्या कडेला कणीक चढून खाली उतरल्याची रेघ दिसत होती, वर बुडबुड्यांची जाळी पडली होती, आणि बोट लावल्यावर कणीक ताणली न जाता इडलीच्या पिठासारखी ओघळली. आम्लता फार वाढली की पिठातलीच विकरे ग्लुटेनचे तुकडे करू लागतात, आणि एकदा तसे झाले की कितीही तिंबले तरी ती कणीक परत उभी राहत नाही. ते पीठ मी तेल लावलेल्या ताटात ओतून जाड भाकरीसारखे भाजले. खाल्ले गेले, पण रोल झाले नाहीत.

त्या दिवसापासून मी घड्याळावरचा भरवसा सोडला. सरळ भिंतीच्या डब्यात कणीक ठेवून तिच्या पातळीवर रबरबँड लावते आणि ती दीडपटीच्या थोडी पुढे गेली की आंबवणे थांबवते, मग त्याला चार तास लागोत की अकरा. एप्रिल-मे महिन्यांत स्टार्टर निम्मा, म्हणजे ५० ग्रॅम घेते, पाणी फ्रिजमधले वापरते आणि रात्रीऐवजी भल्या पहाटे पीठ भिजवते. पावसाळा मात्र या कामाला फार मानवतो: स्वयंपाकघर २६ अंशांच्या आसपास स्थिर राहते आणि सहा तासांत काम होते. फक्त दमट हवेत मैदा थोडा ओलसर झालेला असतो, म्हणून पाणी १० ग्रॅम कमी घालते. या पदार्थाच्या छापील कृतींमध्ये तासांचे आकडे ज्या ठामपणे दिलेले असतात, त्याने आपल्याकडच्या नवशिक्यांचे फार नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लसणाबद्दल, कारण या रोलचे खरे मर्म तिथेच आहे. सुरुवातीला मी सरळ विचार केला की लसणाचा स्वाद आतपर्यंत जायला हवा, म्हणून दहा पाकळ्या ठेचून कणकेतच मळल्या. कणीक फुगायला नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागला आणि हाताला ती विचित्र ढिली लागत होती. कारण पुढे कळले. लसूण ठेचला की त्यातून ॲलिसिन तयार होते, आणि लसणाला उग्र वास देणारा हाच घटक यीस्टलाही मारक असतो. शिवाय लसणातली गंधकयुक्त द्रव्ये ग्लुटेनची वीण सैल करतात. पुढच्या खेपेला पाकळ्या न ठेचता बारीक चिरून घातल्या आणि घडवलेले रोल रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी रोलवर पाहते तर लसणाचे तुकडे हिरवट-निळे झालेले. बुरशी समजून मी पूर्ण तबक बाजूला ठेवले होते. प्रत्यक्षात थंडीत साठवलेला लसूण आम्लाच्या संपर्कात आला की असा रंग धरतो, आणि तो निरुपद्रवी असतो; चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुरवून हिरवागार केलेला लसूण हिवाळ्यात हौसेने खातात. तरीही रोलमध्ये निळे ठिपके पाहून मुले हात लावीनात.

शेवटी लसूण आणि आंबणारी कणीक यांना एकमेकांपासून दूर ठेवणे हाच उपाय ठरला. दोन अख्खे गड्डे वरचे टोक कापून, तेलाचे बोट लावून, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ओटीजीमध्ये १८० अंशांवर पाऊण तास भाजते. त्या पाकळ्या सालीतून दाबल्या की मधाच्या रंगाचा मऊ गर बाहेर येतो, आणि त्यात उग्रपणा अजिबात उरलेला नसतो. तो गर, ८० ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, भरपूर कोथिंबीर आणि धार यावी म्हणून कच्च्या लसणाच्या फक्त दोन ठेचलेल्या पाकळ्या असे मिश्रण करते. कणीक पूर्ण आंबल्यावर ती ओट्यावर चौकोनी लाटून त्यावर हे लोणी कडेपर्यंत पसरते आणि सुरळी करते. सुरी चालवली की सुरळी दबते आणि लोणी बाहेर पडते, म्हणून शिवणाचा जाड दोरा खालून सरकवून, दोन्ही टोके वर आणून, फुलीसारखी ओढते. दोरा कणकेतून आवाज न करता निघतो आणि मागे पिवळ्या-हिरव्या वेटोळ्याचा स्वच्छ काप राहतो. सुरळीच्या दोन्ही टोकांचे काप मात्र नेहमी लहान होतात. ते मी तबकाच्या मधोमध ठेवते.

उरलेल्या लसणाबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. भाजलेला लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवण्याची पद्धत अनेक घरांत दिसते आणि ती धोकादायक आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही, लसूण पुरेसा आम्लयुक्त नसतो आणि अशा जागी बॉट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात तेलातल्या लसणामुळेच अशी मोठी विषबाधा झाली होती. त्या विषाला वास किंवा चव येत नाही. माझे लसूण-लोणी मी फ्रिजमध्येच ठेवते आणि चार दिवसांत संपवते, जास्त उरले तर गोठवते.

काप तबकात एकमेकांपासून बोटभर अंतरावर मांडून, सुती फडके झाकून, पुन्हा दीड ते अडीच तास ठेवते. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की ओटीजी २०० अंशांवर तापवायला लावते. भाजायला २४ मिनिटे लागतात आणि बाराव्या मिनिटाला तबक फिरवावेच लागते, कारण माझ्या ओटीजीचा मागचा भाग जास्त तापतो. वर लसूण लावून भाजल्यास तो करपून कडू होतो, म्हणून थोडे लोणी राखून ठेवते आणि रोल बाहेर काढल्याबरोबर कुंच्याने फिरवते. लसूण, ओटीजी आणि तापण्याचा वेळ धरून माझ्या मीटरवर दीड-दोन युनिटांपेक्षा जास्त वीज जात नाही.

चवीबद्दल बोलायचे तर बेकरीतल्या गार्लिक ब्रेडशी याची तुलनाच करू नये. तिथे मऊपणा आणि लोण्याचा वास असतो. इथे कणकेला स्वतःची चव असते, आधी गोडसर भाजका वास, मग लसूण, आणि शेवटी जिभेच्या कडेला रेंगाळणारी हलकी आंबट चव. माझ्या सासूबाईंचे बालपण सावंतवाडीकडचे. पहिल्या चांगल्या खेपेतला रोल तोडून त्यांनी आधी वास घेतला आणि म्हणाल्या, "अगो, हा तर आमच्याकडच्या जुन्या पावाचा वास." गोव्यातले पोदेर पूर्वी पाव आंबवायला माडाची सूर, म्हणजे ताजी माडी, घालत असत, आणि त्या पावाला असाच आंबूस गंध असे. त्यांच्या त्या एका वाक्याने माझा एप्रिलचा राग पार निवला.

टिकाऊपणाच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. आंबटपणामुळे बुरशी उशिरा धरते हे खरे आहे, पण लोणी आणि कोथिंबीर पोटात असलेला रोल ओट्यावर दुसऱ्या दिवसापलीकडे मी ठेवत नाही. फ्रिजमध्ये ठेवल्यास स्टार्च लवकर घट्ट होऊन रोल चामट होतात, म्हणून उरलेले त्याच रात्री गोठवते आणि लागतील तेव्हा थेट ओटीजीमध्ये १६० अंशांवर दहा मिनिटे गरम करते. पचनाबद्दल पुष्कळ मोठे दावे ऐकू येतात. लांब आंबवल्याने धान्यातले, खनिजे अंगी लागू न देणारे फायटिक आम्ल कमी होते, एवढे निश्चित आहे. पण ग्लुटेन त्यात राहतेच आणि सिलिॲकच्या, म्हणजे ग्लुटेन न सोसणाऱ्या, रुग्णांनी हे रोल खाऊ नयेत.

वेळेचा हिशेबही सांगायला हवा. प्रत्यक्ष हाताचे काम तासाभराचेच असते, पण दिवसभर कुणीतरी घरी असावे लागते आणि अधूनमधून डब्याकडे बघावे लागते. ज्या घरात शनिवारीही सगळे बाहेर असतात तिथे हे नीट जमणार नाही; त्यांनी रोल घडवून फ्रिजमध्ये ठेवण्याचा मार्ग धरावा, फक्त कच्चा लसूण त्यात घालू नये. आठवडाभर माझा स्टार्टर फ्रिजमध्ये असतो आणि शुक्रवारी दोनदा पीठ दिले की शनिवारी तयार होतो. काढून ठेवलेला जादा स्टार्टर मी कधी फेकत नाही. बेसन, कांदा आणि ओव्याबरोबर त्याची धिरडी फार खुसखुशीत होतात.

मे महिन्यात तीन आठवडे गावी जायचे होते, तेव्हा स्टार्टर घट्ट कालवून फ्रिजमध्ये ठेवला आणि थोडा बटर पेपरवर पातळ पसरून, वाळवून, त्याचे पापड कुस्करून डबीत भरून घेतला. परतल्यावर बरणीतल्या स्टार्टरवर काळसर पाणी साचले होते. ते ओतून टाकून तीनदा पीठ दिल्यावर तो पूर्ववत झाला. वाळवलेला चुरा रत्नागिरीच्या नणंदेला दिला होता. तिने तो कोमट पाण्यात भिजवला आणि चौथ्या दिवशी तिचा फोन आला की वहिनी, बरणीवर रबरबँड लावला होता, पण चार तासांतच पीठ त्याच्या पार वर गेले, आता काय करू? मी तिला स्टार्टर निम्मा घ्यायला आणि पाणी माठातले वापरायला सांगितले. रविवारी तिने पाठवलेल्या फोटोत बारा रोल होते आणि टोकाचे दोन छोटे तिनेही मधोमधच ठेवले होते.