कर्ण वाचायचाय: 'मृत्युंजय' की 'राधेय'?

कर्णावरची एकच कादंबरी घ्यायची तर कोणती, असं विचारलं की बहुतेक जण शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'चं (1967) नाव घेतात. रणजित देसाईंची 'राधेय' (1973) आठवते ती जरा थांबून. माझ्या कपाटात दोन्ही आहेत. कोणी वाचायला मागितलं तर हल्ली मी 'राधेय' पुढे करतो. का, ते सांगतो. पटलंच पाहिजे असं नाही.

आजची मुलं या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतील आणि त्यात चूक काहीच नाही. दुसऱ्याच्या पात्रावर जीव जडवायचा आणि मूळ कवी जिथे गप्प राहिला तिथे आपण बोलायचं. संस्कृत नाटककार भासही तेच करत होता. त्याच्या 'पंचरात्र' नाटकात दुर्योधन द्रोणांना दिलेल्या शब्दाखातर पांडवांना अर्धं राज्य देऊन मोकळा होतो. म्हणजे कुरुक्षेत्राचं कारणच संपलं! एवढी उलथापालथ करूनही व्यासांना धक्का लागत नाही, कारण प्रेक्षकाला खरी गोष्ट पाठ असते आणि हा खेळ आहे हे त्याला पहिल्यापासून कळलेलं असतं. आपल्याकडच्या जांभूळ आख्यानाचंही, म्हणजे द्रौपदी-कर्णाच्या लोककथेचंही, तसंच. द्रौपदीच्या मनात कर्ण होता, हे व्यासांनी कुठेही म्हटलेलं नाही. लोककलावंत ते संबळाच्या ठेक्यावर रंगवून सांगतात आणि कोणी पुरावा मागत नाही.

मला त्रास होतो तो बेमालूम सफाईचा, म्हणजे रचलेलं तेच मूळ महाभारत वाटायला लागतं त्याचा.

'मृत्युंजय'चं मोठेपण आधी मान्य करतो. नऊ भाग, सहा निवेदक, आणि प्रत्येक जण आपल्या तोंडाने बोलतोय. कुंतीचा भाग तर आजही उघडला की मिटवत नाही. विशेषणांची गर्दी सोसायची तयारी हवी, पण त्या भाषेचा ओघ असा की वाचक वाहतच जातो. 'राधेय'ला तो आवाका नाही. ती लहान आहे, बरीचशी संवादांवर चालते आणि देसाईंमधला नाटककार कधीकधी गरजेपेक्षा मोठ्याने बोलतो. नुसत्या ताकदीवर निवडायचं तर प्रश्नच मिटला.

पण 'मृत्युंजय'चे सहाही साक्षीदार शेवटी एकाच पक्षाचे निघतात. दुर्योधन मित्र, शोण भाऊ, वृषाली बायको. त्यांचं समजू शकतो. (वृषाली हे नाव भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत शोधू नका, सापडणार नाही.) शेवटचा भाग मात्र कृष्णाचा आहे. कर्णपर्वात रथाचं चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण काढतो, तेव्हा द्रौपदीला सभेत आणलं त्या वेळी तुझा धर्म कुठे गेला होता, असं त्याला सुनावणारा हाच कृष्ण. कर्णावरचा मुख्य आरोप ज्याने ठेवला, त्याच्याच तोंडून इथे कर्णाचा गौरव ऐकायचा. वाचताना डोळे भरून येतात, आणि तिथेच माझं बिनसतं.

कारण सभापर्वातला तो प्रसंग किरकोळ नाही. द्रौपदीच्या बाजूने दुर्योधनाचा भाऊ विकर्ण बोलतो, त्याला गप्प करतो तो कर्ण. तिला बंधकी, म्हणजे वेश्या, म्हणतो तो कर्ण. पांडवांची आणि द्रौपदीची वस्त्रं काढून घे, अशी दुःशासनाला आज्ञा देतो तोही कर्णच. कादंबरीत आपण त्याच्याच मनात बसून हे पाहतो, त्यामुळे त्याचा अपमान, त्याची जखम आधी दिसते आणि ती बाई नंतर.

गंमत म्हणजे व्यासांनी त्याला पश्चात्तापही दिलाय. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाला सांगतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना कडू बोललो, त्याचा मला आता ताप होतो. आपण चुकीच्या बाजूला आहोत हे कळूनही तिथेच उभा राहणारा हा माणूस मला कुठल्याही निष्कलंक नायकापेक्षा जवळचा वाटतो.

मी 'मृत्युंजय' ज्यांना वाचायला दिली त्यांतले बरेच जण द्रौपदीवर चिडून परत आले. 'तिने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून हिणवलं, मग काय होणार?' हे महाभारताच्या नावावर सांगतात. ते वाक्य काही पाठांत आहे, पण चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी ते मागाहूनची भर समजून मुख्य पाठातून काढून तळाला टाकलं. ही आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. दुसऱ्याच वर्षी 'मृत्युंजय' आली आणि घराघरांत कुठला कर्ण पोचला हे सांगायला नको. यात सावंतांचा दोष किती आणि आम्हा वाचकांचा किती, हे मला ठरवता येत नाही.

'राधेय' कर्णाला कमी गोंजारते असं मुळीच नाही. उलट काही ठिकाणी जास्तच. पण देसाई सुरुवातीलाच सांगून टाकतात की हा कर्ण खरा की खोटा हे पाहायला महाभारताची पानं उलटू नका, स्वतःच्या मनाची उलटा. एवढं सांगितल्यावर पुढे त्यांनी काहीही केलं तरी माझी तक्रार उरत नाही. 'राधेय' वाचून आलेला माणूस 'देसाईंनी असं दाखवलंय' म्हणतो. निदान माझ्या ओळखीतले तरी तसंच म्हणतात.

तेव्हा महाभारत थोडंफार वाचलेलं असेल, तर बेलाशक 'मृत्युंजय' घ्या आणि मनसोक्त रडा. काहीच वाचलेलं नसेल तर 'राधेय' घ्या. आणि वाचणारी व्यक्ती पंधरा-सोळा वर्षांची असेल तर ती तुमचं न ऐकता 'मृत्युंजय'च उचलणार आहे. उचलू द्या, फक्त कपाटात शेजारी महाभारतातल्या माणसांना चिकित्सकपणे पाहणारी इरावती कर्व्यांची 'युगान्त' ठेवा.