‘तटस्थ’ सल्लागार आणि 2025 ची भीती

आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते आणि खरेदीपासून ताळेबंदापर्यंतचा तिचा सगळा कारभार एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या ईसीसी नावाच्या जुन्या प्रणालीवर चालतो. ही प्रणाली बदलण्याची आखणी करण्यासाठी 2024 मध्ये नेमलेल्या समितीत मी लेखा विभागातर्फे होतो, आणि पुढे सांगतो त्यातल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर माझीही सही आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मदतीला आम्ही एक सल्लागार नेमला. आपण कोणत्याही विक्रेत्याचे बांधील नाही, असे तो दर बैठकीत न विचारता सांगत असे. पहिल्याच सादरीकरणात त्याने 2025 अखेरची तारीख दाखवली: त्या दिवशी एसएपीकडून आमच्या प्रणालीची देखभाल (दुरुस्त्या आणि मदत) थांबणार, तेव्हा सवलत आहे तोवर नव्या प्रणालीचे परवाने घेऊन टाकावेत. तारीख साफ खोटी नव्हती, आणि आम्ही फसलो ते त्यामुळेच. ईसीसी 6.0 वर एन्हान्समेंट पॅक (मूळ प्रणालीत सुधारणांची भर घालणारे संच) 6 ते 8 वापरणाऱ्यांना मुख्य देखभाल 2027 अखेरपर्यंत आणि जादा शुल्क भरल्यास 2030 अखेरपर्यंत मिळेल, असे एसएपीने 2020 मध्येच जाहीर केले होते. 2025 ची मर्यादा त्याआधीच्या पॅकना होती. आमचा पॅक कोणता, हे पाहायला अर्धा मिनिट पुरे होता. सिस्टम मेनूतून स्टेटस उघडून घटकांची यादी पाहिली, तर एसएपी_एपीपीएल या ओळीसमोर 617 दिसते, म्हणजे सातवा पॅक. संगणक विभागातल्या ज्या मुलाला हे पाठ होते, त्याला बैठकीला कोणी बोलावलेच नव्हते.

गरजांचा तक्ताही सल्लागारानेच तयार आणला. प्रत्येक खात्याला विचारत बसलात तर महिने जातील, असे तो म्हणाला आणि खरे सांगायचे तर आम्हाला हायसेच वाटले. तीन निविदा आल्या. त्यांपैकी दोन ‘अनिवार्य’ गरजांच्या रकान्यातच बाद झाल्या. उरलेल्या विक्रेत्याने डेमो दिला तो स्वतःच्या नमुना माहितीवर. आमच्या यादीतले शंभर माल घालून दाखवा, असे भांडारप्रमुखांनी म्हटल्यावर ‘ते अंमलबजावणीत पाहू’ असे उत्तर मिळाले. (आमच्या यादीत एकच बेअरिंग चार नावांनी नोंदलेले आहे. ते त्याच दिवशी उघडे पडले असते.)

परवान्यांचे पैसे भरून झाल्यावर त्याच भांडारप्रमुखांनी तो तक्ता सवडीने वाचला आणि माझ्या टेबलावर आणून एका ओळीवर बोट ठेवले: मालाची टिकण्याची मुदत संपण्यापूर्वी इशारा मिळणे अनिवार्य. आम्ही लोखंड विकतो! फाइलचे गुणधर्म उघडले, तर लेखकाच्या जागी निविदा जिंकलेल्या विक्रेत्याचेच नाव होते. प्रत्येक परवान्यामागे सल्लागाराला कमिशन ठरले होते, हे पुढे विक्रेत्याकडची नोकरी सोडलेल्या एकाने सांगितले.

करार पुन्हा वाचला तेव्हा आणखी दोन गोष्टी कळल्या. वार्षिक देखभालीचे शुल्क वापर सुरू झाल्यापासून नव्हे, तर सहीच्या तारखेपासून लागू होते, आणि जुन्या नोंदींची साफसफाई कामाच्या व्याप्तीबाहेर असल्याने तिचे वेगळे पैसे पडणार होते. सल्लागाराने हितसंबंध उघड करावेत, असे कलम त्याच्या नेमणूकपत्रात आम्हीच घातले नव्हते. त्यामुळे वकिलांनी दावा कठीण असल्याचे सांगितले.

अशी आखणी ज्यांच्याकडे सुरू असेल, त्यांनी सल्लागाराला आपल्याखेरीज आणखी कोणाकडून पैसे मिळतात का, हे नेमणुकीपूर्वी लेखी घ्यावे, देखभाल संपण्याची तारीख उत्पादकाच्या जाहीर निवेदनावरून स्वतः ताडून पाहावी आणि गरजांचा तक्ता प्रत्येक खात्यातल्या रोज काम करणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावा. आमचा तक्ता आता नव्याने लिहिला जात आहे. घेतलेले परवाने न वापरता पडून आहेत आणि त्यांच्या देखभालीचे बिल दरवर्षी माझ्याच सहीने चुकते होते.